दोनशे चाळीस सेकंद

अर्जदार पुरुष, विवाहित, वय वर्षे त्रेपन्न. व्यवसाय शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, सध्या वैद्यकीय कारणास्तव सेवेबाहेर. बांधा सडपातळ. ओळखीची खूण: छातीच्या मध्यावर शस्त्रक्रियेचा उभा व्रण. आजार: मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत नीट न पोहोचणे, दीर्घकालीन. अर्जदार तपासणीच्या खोलीत कोणाच्याही आधाराविना चालत आला व न सांगता ताठ बसला. शर्टाची सर्व बटणे स्वतः लावतो व काढतो. उजवा हात समोर, जमिनीला समांतर: दोनशे चाळीस सेकंद. डावा हात: दोनशे चाळीस सेकंद. एका दमात मोजलेले अंक: पन्नास, खणखणीत. तपासणीस सहकार्य: उत्तम.

वाचणाऱ्याला वाटेल, कुठल्या तरी भरतीत निवड झालेल्या उमेदवाराचा कागद आहे. पण याच कागदावर त्या माणसाचं औषध बंद झालं.

शाळेत त्यांना मुलं ‘सावधान सर’ म्हणत. पाठीमागे अर्थात. पंचवीस वर्षं एकाच मैदानावर एकाच शिट्टीने कवायत घेतल्यामुळे गावात असा माणूस सापडणं अवघड होतं, जो कधी ना कधी सरांपुढे हात समोर धरून उभा राहिला नव्हता. बँकेतला रोखपाल, चष्म्याच्या दुकानाचा मालक, पोलीस चौकीतला फौजदार, सगळे. सरांचा नियम साधा होता. हात समोर, मोजणी संपेपर्यंत. एकाने जरी हात खाली घेतला तरी सगळ्यांची मोजणी पुन्हा एकपासून. कुणी कुरकुरलं, “सर, हात दुखतोय,” की सरांचं उत्तर ठरलेलं: “नाटकं नकोत.”

हे उत्तर त्यांनी किती पोरांना दिलं याची नोंद नाही. एकाची मात्र त्यांना पक्की आठवण होती. आठवीतला एक काटकुळा मुलगा, त्याला सगळे ‘काडी’ म्हणत. तो म्हणाला, डावा हात उचलवत नाही. सर म्हणाले, नाटकं नकोत. काडीने ओठ चावत मोजणी पुरी केली. दुसऱ्या दिवशी तो आला तो गळ्यात बांधलेल्या झोळीत हात अडकवून. आदल्या सकाळी सायकलवरून पडला होता आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सरांनी त्याला महिनाभर कवायत माफ केली. माफी मागितली नाही. कवायतीत तसा हुकूमच नसतो.

आजार आला तो शिट्टीतून. एका दुपारी चौथ्या तासाला सरांनी शिट्टी फुंकली, तर वाजली नाही. ओठांच्या कोपऱ्यातून हवा निसटत होती. मुलं हसली. सरांनी शिट्टी धुतली, बदलली, नवी आणली. शिट्टीत दोष नव्हता. मग डाव्या डोळ्याची पापणी दुपारनंतर उतरू लागली. मग संध्याकाळच्या सामन्यात त्यांना दोन चेंडू दिसू लागले, आणि त्यातल्या खोट्या चेंडूला त्यांनी एकदा गोल दिला. त्यावरून शाळांशाळांत पत्रापत्री झाली.

या दुखण्याची खोड अशी की ते सकाळी घरी नसतं. रात्रभर झोपून उठलेला माणूस नवा कोरा असतो. दिवस कलेल तसे स्नायू एकेक करून कामावरून उठून जातात. मुख्याध्यापकांनी ही गोष्ट बारकाईने हेरली होती.

“सर, प्रार्थनेला तर तुम्ही ठणठणीत असता,” ते म्हणाले. “संध्याकाळच्या स्पर्धा आल्या की बरोबर डोळा मिटतो. बरं नाटक जमलंय.”

सर ‘सावधान’मध्ये उभे होते. ‘नाटक’ हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

पुढे दीड वर्ष डॉक्टरांचे जिने. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. घशाच्या डॉक्टरांनी गुळण्या दिल्या. घरच्या डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून, मनाला लावून घेऊ नका, असा सल्ला दिला. तिघांच्याही तपासणीची वेळ सकाळी दहाची होती. शेवटी मज्जातंतूंच्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या संध्याकाळी तपासायच्या. त्यांनी सरांच्या उतरलेल्या पापणीवर बर्फाची पिशवी ठेवली, दोन मिनिटांनी उचलली, तर पापणी दुकानाच्या शटरसारखी वर. सरांच्या बायकोला वाटलं, बरे झाले. पाच मिनिटांनी शटर पुन्हा खाली आलं.

“आजाराला नाव आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे मुळापासून जात नाही. पण याच्याबरोबर राहता येतं.”

“किती दिवस?” सरांनी विचारलं.

“म्हणजे, कायमच.”

“कायम राहणारा पाहुणा,” बायको म्हणाली. “आणि जेवायचं मात्र यांच्या ताटात.”

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. चार घास चावले की सरांचा जबडा थकायचा. मग ते डाव्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी वर उचलून पाचवा घास चावायचे. दर चार तासांनी गोळी. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने माणूस उगवायचा आणि अडीच तासांनी मावळायला लागायचा. त्या गोळ्यांनी पोटात मुरडा यायचा. दुसऱ्या गोळ्यांनी चेहरा सुजून वाटोळा झाला, आणि रस्त्यात एक पालक कौतुकाने म्हणाले, “वा सर! निवृत्ती मानवली हो.” सर निवृत्त झाले नव्हते. त्यांना नुकतंच काढलं होतं. छाती उघडून आतली एक ग्रंथीही काढून झाली. तिने नेमकं काय केलं होतं हे कळलं नाही, आणि तिच्या जाण्याने काय झालं हेही कळलं नाही.

बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. खिडकीपाशी मशीन, भिंतीला टेकून निळ्या कापडाचे तागे, पत्र्याच्या डब्यात बटणं. सरांना शर्टाची बटणं लावायला सकाळी दोन मिनिटं आणि संध्याकाळी अकरा मिनिटं लागू लागली, तेव्हा तिने त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणं उसवली आणि टिचबटणं बसवली.

“लहान मुलाच्या झबल्याला असतात ही,” सर म्हणाले.

“मग मोठे व्हा,” ती म्हणाली. “काढते परत.”

आजाराच्या पाचव्या वर्षी ते नवीन औषध आलं. शिरेतून द्यायचं, आठवड्याला एकदा, असे चार आठवडे. मग सुट्टी. दुखणं डोकं वर काढू लागलं की पुन्हा चार. किंमत ऐकून डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की हे विकत घ्यायचा विचार करू नका. एक आरोग्य निधी होता, तो निवडक रुग्णांना हे औषध देई. सरांचा अर्ज मंजूर झाला.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी एक सफरचंद खाल्लं. सालासकट, बोटांचा टेकू न देता. बायको मशीन थांबवून तो करकर आवाज ऐकत बसली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी खणातली शिट्टी शोधून फुंकली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं आणि समोरच्या घरातला चाळिशीचा माणूस गॅलरीत सवयीने ताठ उभा राहिला. चौथ्या आठवड्यात सरांनी बायकोपुढे शर्ट ठेवला.

“बटणं लाव.”

तिने लावली. सात. सरांनी आरशापुढे उभं राहून ती सातही स्वतः लावली, मग काढली, मग पुन्हा लावली. नवं खेळणं मिळाल्यासारखं चाललं होतं. ती खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचत राहिली.

पुढचे सहा महिने त्या घरात दुखणं होतं, पण ते भाडेकरूसारखं राहिलं. आणि मग फेरतपासणीचं पत्र आलं.

निधीचा नियम असा होता. तेरा चाचण्या. वर बघा, हात धरा, पाय धरा, पाणी गिळा, अंक मोजा. प्रत्येक चाचणीला शून्य ते तीन गुण. माणूस जितका अशक्त तितके गुण जास्त. बारा गुण मिळाले तर औषध चालू, कमी मिळाले तर बंद, कारण मग ते औषध जास्त गरजूला द्यायचं. नियम न्यायाचा होता. त्यात एवढीच फट होती की औषध लागू पडलेला माणूस औषधामुळे गरजू राहत नाही. आणि सरांची तारीख नेमकी दुसऱ्या फेरीतल्या चौथ्या डोसनंतरच्या दहाव्या दिवशी होती, म्हणजे ज्या दिवशी ते सगळ्यात धडधाकट असणार त्या दिवशी.

डॉक्टरीणबाईंनी महिनाभर पुढची तारीख मागितली. उत्तर आलं की तारखा संगणक ठरवतो.

“ठीक आहे,” त्या सरांना म्हणाल्या आणि टेबलावरचे कागद विनाकारण सरळ करू लागल्या. “हे बघा सर. चाचणीत तुम्ही थकलात, तर थांबायचं. थांबायला कुणीही मनाई केलेली नाही. एवढंच मी सांगू शकते.”

मेहुण्याला एवढी भीड नव्हती. तो बसच्या आगारात वेळापत्रकं लावायचा आणि प्रत्येक गोष्ट उशिरा होते यावर त्याची श्रद्धा होती. “भाऊजी, आयुष्यभर लोकांना पास करत आलात. एकदा नापास व्हा की! साठाव्या सेकंदाला हात पाडायचा. यात काय आहे?”

तालीम सुरू झाली. बायको स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन समोर बसली. सर हात समोर धरून उभे राहिले. साठ झाले. सरांनी हात खाली घेतले. दोन्ही एकदम, एका रेषेत, मांडीवर फट्‌ असा आवाज करून.

“भाऊजी,” मेहुणा म्हणाला, “हे आजारी माणसाचं हात पडणं नाही. हे संचलन आहे. जरा ढेपाळा.”

सर ढेपाळले. तेही मोजून, दोन अंकांत.

“यांना खोटं आजारी पडता येत नाही,” बायको म्हणाली. “खरं पडून पडून सवय लागली असेल असं वाटलं होतं.” मग ठरलं की ती खोलीत कोपऱ्यात बसेल आणि साठाव्या सेकंदाला खोकेल. खोकला हाच हुकूम. हुकूम मिळाला की सर ऐकतील, असा तिचा कयास. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिचा एकही हुकूम ऐकला नव्हता, पण माणूस आशा करतो.

तपासणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा, भिंतीवर पिवळं पडलेलं कॅलेंडर. चाचण्या घेणारा तंत्रज्ञ पाठमोरा होता. चांगला गरगरीत, टक्कल पडलेला. तो वळला आणि हसला.

“ओळखलंत का सर?”

“खांदा सरळ कर,” सर म्हणाले. तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डावा खांदा खाली उतरलेलाच आहे, आणि तो सरळ होणारा नाही. हाड वाकडं जुळलं होतं.

“काडी,” सर म्हणाले.

“आता काडी कुठली सर, ओंडका झाला,” तो हसून म्हणाला. त्याने सरांची खुर्ची ओढून दिली, बायकोला कोपऱ्यात स्टूल दिलं, खिशातून घड्याळ काढलं. त्याच्या वागण्यात उपरोध नव्हता, राग नव्हता. सरांनी शोधून पाहिला.

“उजवा हात समोर घ्या. आणि सर, दुखायला लागलं की लगेच सांगा हं. आपण थांबू.”

हे वाक्य तो रोज दहा जणांना म्हणत असणार. सरांच्या कानात मात्र ते फिरत राहिलं. सव्वीस वर्षांपूर्वी एका पोराने त्यांच्यापुढे हात धरला होता, तो खरंच दुखत होता आणि त्याला थांबू दिलं नव्हतं. आता तेच पोर म्हणत होतं, दुखलं तर सांगा. आणि सरांचा हात दुखत नव्हता.

साठाव्या सेकंदाला बायको खोकली.

हात तिथेच.

सत्तरला ती पुन्हा खोकली. ऐंशीला तिला जवळजवळ ढास लागली.

“वहिनींना पाणी देऊ का?” काडीने विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “उपयोग नाही.”

सरांना हात खाली आणायचा होता. हे नंतर त्यांनी बायकोला शपथेवर सांगितलं. बारा गुण, औषध, सफरचंद, सगळं डोळ्यांपुढे होतं. पण हात कुणाच्या तरी हुकमाची वाट बघत होता, आणि तो हुकूम द्यायची सवय जगात एकाच माणसाला होती. तो माणूस समोरच्या खाली उतरलेल्या खांद्याकडे बघत गप्प बसला होता. दीडशे. दोनशे. बोटं किंचित थरथरली. सरांनी ती सरळ केली.

दोनशे चाळीस. मग डावा हात, तेवढाच. मग पन्नास अंक एका दमात, कवायतीच्या आवाजात, इतके खणखणीत की बाहेरच्या बाकावरचे रुग्ण दारातून डोकावले.

काडीने बेरीज केली. पाच. त्याने पेन टेकवलं, उचललं, दाराकडे बघितलं.

“सर,” तो हळू म्हणाला, “घड्याळ माझ्याकडून उशिरा बंद झालं असेल. होतं असं. दोन्ही हातांना मी साठ लिहितो. बाकीच्या चाचण्याही जरा पुन्हा बघू. जमेल बारापर्यंत.”

“घड्याळात किती आहे?”

“दोनशे चाळीस. पण सर...”

“मग तेच लिही,” सर म्हणाले. “नाटकं नकोत.”

हा प्रामाणिकपणा होता, की ताठा, की एका जुन्या हाडाची उशिरा मागितलेली माफी, याला त्या कागदावर रकाना नव्हता. काडीने लिहिलं. शेवटी ‘सहकार्य: उत्तम’ असं त्याने आपण होऊन जोडलं. त्याला वाटलं, याने काही मदत झाली तर होईल.

जिना उतरताना बायको दोन पायऱ्या पुढे होती. “झालं समाधान?”

“अगं, त्याच्यासमोर मी...”

“त्याच्यासमोर!” ती थांबली. “आणि माझ्यासमोर सहा वर्षं हे हात पडतायत, ते कुणी मोजायचे?”

 सर सगळे जिने न थांबता उतरले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ‘सुधारणा समाधानकारक आढळल्याने लाभ थांबविण्यात येत आहे. आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा.’

“पहिला नंबर काढून बुडालेला माणूस पहिल्यांदाच पाहतोय,” मेहुणा म्हणाला. कुणी हसलं नाही, म्हणून तोही हसला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात पापणी उतरली. मग शिट्टीतून हवा निसटू लागली. मग एका सकाळी सर आरशापुढे उभे होते आणि चौथ्या बटणाशी हात दोनदा खाली आला. कुणी हुकूम दिला नव्हता. बायकोने आरशात बघितलं, मशीनपाशी गेली आणि टिचबटणांचा डबा काढला. डॉक्टरीणबाईंनी निधीला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं: पुढील तपासणी सहा महिने पूर्ण झाल्यावर.

चौथ्या महिन्यात सरांना साधी सर्दी झाली. तिसऱ्या दिवशी त्यांना खोकता येईना, पाचव्या दिवशी श्वास घेता येईना. एकोणीस दिवस घशात नळी आणि शेजारी यंत्र. यंत्र त्यांच्यासाठी मोजून श्वास घ्यायचं, एक, दोन, एक, दोन, आणि त्यात कधी चुकायचं नाही. सर घरी आले तेव्हा मान सरळ राहत नव्हती. सावधान सरांची मान छातीवर टेकलेली असे. जुन्या गोळ्या दुप्पट झाल्या, त्यांचा उपयोग निम्मा झाला.

सहा महिने भरले तेव्हा त्यांना नेणं शक्य नव्हतं, म्हणून काडी घरी आला. निधीत अशी पद्धत नाही. रजा टाकून आला होता. तो पलंगाच्या कडेला बसला, सरांचा उजवा हात मनगटाला धरून समोर उचलला आणि सोडला.

“दोन सेकंद,” त्याने लिहिलं. डावा. “एक.”

अंक सतरापर्यंत गेले, तेही नाकातून. एकूण गुण एकतीस. इतके गुण त्याने याआधी कुणाला दिले नव्हते. बायको मशीनवरून म्हणाली, “आता तर पास झाले ना?” काडी कागदाच्या घड्या घालत राहिला.

सरांना काही म्हणायचं होतं. काडीने कान जवळ नेला.

“खांदा,” सर म्हणाले. मग दम घेतला. “दुखतो का अजून?”

“नाही सर,” काडी म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, “थंडीत थोडा.”

सरांनी डोळे मिटले. नुसतीच पापणी उतरली असेल, नक्की सांगता येत नाही.

निधीचं पत्र मागच्या महिन्यात आलं. एकदा लाभ थांबलेल्या अर्जदारास नव्याने प्रतीक्षा यादीत घेण्यात येते. अर्जदाराचा क्रमांक एकशे चौदा. यादी वर्षाला साधारण वीस जणांनी पुढे सरकते. तोपर्यंत पूर्वीचा अहवालच ग्राह्य राहील. मेहुणा वेळापत्रकं लावणारा, त्याने मनातल्या मनात भागाकार केला आणि तो मोठ्याने बोलला नाही. बायकोने पत्राची घडी करून बटणांच्या डब्यात ठेवली.

म्हणजे निधीच्या दप्तरी सर आजही कोणाच्याही आधाराविना चालत येतात, न सांगता ताठ बसतात आणि शर्टाची सर्व बटणे स्वतः लावतात व काढतात.

त्यांच्या शर्टांच्या पुढच्या पट्ट्या बायकोने शिवून बंद केल्या आहेत. शर्ट पाठीमागून उघडतो, आणि नाड्या ती बांधते.